खाफ्रेच्या डोक्यावर टोपी, खुफू मात्र उघडाबोडका: पिरॅमिडांची चुनखडी गेली कुठे?

अर्ध्या_तिकिटावर (धागाकर्ता), रविवार रात्री

मंडळी, गेल्या डिसेंबरात आम्ही उभयता एका टूरबरोबर इजिप्तला जाऊन आलो. प्रवासवर्णन लिहून तुमचा अंत पाहणार नाही. एकच गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

गिझाला बसमधून उतरल्यावर पहिलं काय वाटलं सांगू? "हे असं?" लहानपणापासून चित्रात पाहिलेला पिरॅमिड म्हणजे पट्टी धरून आखलेला त्रिकोण. समोर होता तो खुफू राजाचा, पायऱ्यापायऱ्यांचा, कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झालेला दगडांचा डोंगर. जवळ गेलं की खालच्या थराचा एकेक दगड आमच्या हिच्या खांद्याला लागतो, तेव्हा मग छाती दडपते, ती गोष्ट वेगळी.

नंतर लक्ष गेलं शेजारच्या खाफ्रे राजाच्या पिरॅमिडाकडे. त्याच्या टोकाला अजून गुळगुळीत चुनखडीची टोपी आहे. फोटोत ती बर्फ साचल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात नीट पाहिलं तर या टोपीची खालची कड आतल्या दगडांच्या पुढे आलेली दिसते, अगदी कौलारू घराच्या वळचणीसारखी. म्हणजे अख्खा पिरॅमिड एके काळी त्या वळचणीच्या रेषेत खालपर्यंत भरलेला होता आणि आपण आज पाहतो तो आतला सांगाडा!

गाईडला विचारलं. तो म्हणाला, "अर्थक्वेक, मॉस्क, फिनिश." आणि आम्हाला उंटवाल्यांच्या ताब्यात दिलं. पाऊण तासातली पंचवीस मिनिटं उंटावर चढणं, उतरणं आणि पैशांची हुज्जत यात गेली.

परत आल्यावर जमेल तसं वाचलं. बाहेरचं आवरण नाईलच्या पलीकडच्या काठावरच्या तुरा इथल्या पांढऱ्या, बारीक पोताच्या चुनखडीचं. आतला दगड गिझाच्या पठारावरचाच, भरड. खुफूचा पिरॅमिड मुळात सुमारे १४६.६ मीटर उंच होता, आता साधारण १३८.५ भरतो. टोकावर एक काठी उभी दिसते ना, ती मूळ उंची कुठवर होती ते दाखवायला लावली आहे. मी इतकी वर्षं तिला अँटेना समजत होतो.

माझे प्रश्न दोनच. खुफूचं सगळं आवरण गेलं आणि खाफ्रेचं फक्त टोक उरलं, हे कसं? आणि हे आवरण नुसती शोभा होती, की ते गेल्याने पिरॅमिड खरोखर कमजोर झाले? जाणकारांनी लिहावं. मी आयुष्यभर बँकेत खातेवह्या जुळवल्या, दगडातलं काही कळत नाही.

ओळंबा, रविवार रात्री

चांगला धागा. माझं पोट बांधकामावर चालतं, त्यामुळे राहवत नाही.

पिरॅमिड म्हणजे एकसंध दगडी ठोकळा नव्हे. आपल्याकडच्या जुन्या वाड्याच्या भिंतीत जसे बाहेर घडीव दर्शनी चिरे आणि आत भर असते, तसंच. बाहेर तुऱ्याचे ताशीव चिरे, त्यांच्या पाठीला आधाराचे बऱ्यापैकी चौकोनी दगड, आणि आत गाभा. गाभ्यातले दगड ओबडधोबड, मधल्या फटींत कपच्या, वाळू आणि जिप्समचा माल ओतलेला. सगळी कारागिरी बाहेरच्या थरावर. आत 'चालतंय की' असाच कारभार आहे.

पेट्री या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने १८८० ते १८८२ मध्ये खुफूचं मोजमाप केलं. पायथ्याशी शिल्लक राहिलेल्या दर्शनी चिऱ्यांमधली दर्ज सरासरी इंचाचा पन्नासावा भाग भरली, म्हणजे अर्धा मिलिमीटर. चिरे सुमारे १६ टनांचे, आणि तरी त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये माल पोचलेला! आमच्या साइटवर टाइल्सच्या सांध्यात याच्या चौपट ग्राउट जातं आणि ते वर्षात निघतं.

तो माल चिकटवण्यासाठी कमी आणि सरकवण्यासाठी जास्त होता. पातळ जिप्सम पसरायचं, त्यावरून चिरा हळूच ढकलत जागेवर आणायचा. धरून ठेवण्याचं काम वजनाचं.

मआदीकर, सोमवार सकाळी

नमस्कार. नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षं कैरोत, मआदी भागात राहतेय, म्हणून हे नाव. तुरा आमच्या अगदी शेजारी, दक्षिणेला. त्या बाजूला नाव निघालं की लोकांना आठवतो तो तुरुंग आणि सिमेंटचा कारखाना. ज्या डोंगरातून खुफूचं शुभ्र आवरण निघालं त्याच डोंगराचं नंतर सिमेंट झालं.

तिथले पाथरवट वरून डोंगर फोडत नसत. चांगला दगड आत खोल असायचा म्हणून बोगदे खणत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी हे बोगदे दारूगोळा ठेवायला साफ करायला घेतले, तेव्हा १९४१ मध्ये आत जुने ख्रिस्ती पपायरस सापडले. एका खाणीचे किती जन्म!

पपायरसवरून आठवलं. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे २०१३ मध्ये पिएर ताले यांच्या चमूला मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी मिळाली. लिहिलेले पपायरस म्हणून आजवर सापडलेल्यांत हे सगळ्यात जुने. मेरेरच्या हाताखाली चाळीसेक माणसं आणि एक होडी. आज तुऱ्याला दगड भरले, उद्या निघालो, अमुक ठिकाणी रात्र काढली, 'अखेत-खुफू'ला (म्हणजे खुफूच्या पिरॅमिडाशी) पोचलो, रिकामे परत. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. खुफूचा सावत्र भाऊ अंखहाफ देखरेखीला होता, त्याचंही नाव आहे. पुराचे महिने, म्हणजे नदी पठाराच्या पायथ्यापर्यंत आलेली.

कुठे मंत्र नाहीत, जादू नाही. अगदी ट्रक ड्रायव्हरचं लॉगबुक. मला ते वाचून खुफूपेक्षा मेरेर जवळचा वाटायला लागला.

सुगरण_नसलेली, सोमवार सकाळी

मआदीकर ताई, लॉगबुक भारीच. वाचनखूण साठवली. येऊ द्या अजून.

त्रिनेत्र, सोमवार दुपारी

अर्धा मिलिमीटर सांधा आणि १६ टनांचा चिरा तांब्याच्या छिन्नीने? काहीही हं! हे दगड घडवलेलेच नाहीत, साच्यात ओतलेत. एका फ्रेंच रसायनतज्ज्ञाने हे सांगितलंय, पण मान्य करायला कोणी तयार नाही. कृत्रिम दगड, म्हणजेच काँक्रीट.

खडकवासी, सोमवार रात्री

त्रिनेत्रजी, ते दाविदोविट्स. त्यांनी मांडलंय हे खरं, पण भूशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्या बाईला तो दगड हातात घेतल्यावर ते पटत नाही. कारण सांगते.

गिझाच्या गाभ्यातल्या दगडांत नाण्यांसारखे चपटे गोल दिसतात. हे न्यूम्युलाइट नावाच्या समुद्री जिवांचे जीवाश्म. दगड फुटतो तिथे ते सुटे होऊन पायथ्याशी पडतात. स्ट्रॅबो हा ग्रीक भूगोलकार दोन हजार वर्षांपूर्वी तिथे गेला होता. त्याला लोकांनी सांगितलं की ही मजुरांच्या जेवणातली उरलेली मसूर आहे, दगड झालेली! त्याने लिहून ठेवलं आणि वर असंही म्हटलं की आमच्या गावाकडेही अशा खड्यांची टेकडी आहे. म्हणजे बिचाऱ्याला शंका आली होती.

आता मुद्दा असा की दगड दळून, कालवून साच्यात ओतला असता तर हे जीव अख्खे राहिले नसते, आणि समुद्रतळाशी बसले तसे थरांत तर नक्कीच नाही. शिवाय खाण समोर आहे. खाफ्रेच्या वायव्येला जमिनीवर चौकटी आखल्यासारखे न काढलेल्या दगडांचे बुंधे आहेत, मधून माणूस जाईल एवढ्या चरी. वड्या पाडलेलं ताटच जणू, वड्या उचलल्या आणि तळ राहिला.

तांब्याची छिन्नी तुऱ्याच्या चुनखडीला पुरते. ताजी काढलेली चुनखडी मऊ असते, नंतर हवेवर टणक होते. ग्रॅनाइटचं मात्र वेगळं, तिथे डोलेराइट या फार कठीण खडकाचे गोटे आणि वाळूच लागते.

माल जिप्समचाच का, चुन्याचा का नाही, तेही सांगते. चुना भाजायला नऊशे अंशांच्या आसपास भट्टी लागते, जिप्समचं काम दीडशेच्या आसपास होतं. जळणाची टंचाई असलेल्या देशात कोण चुना भाजणार? त्या मालात भट्टीतल्या कोळशाचे कण अडकलेत. त्यावरूनच १९८४ आणि १९९५ मध्ये कार्बन कालमापन झालं.

त्रिनेत्र, सोमवार रात्री

मसुरीचं माहीत नव्हतं. तरी मी विचार करीन.

बखरवाला, मंगळवार सकाळी

आता चोरांकडे वळू. "भूकंप आणि मशीद" ही गाईडची गोष्ट अर्धवट आहे. पिरॅमिडाचा दगड पळवणं हा खुद्द फारोंचा धंदा होता.

बाराव्या घराण्याचा पहिला राजा अमेनेमहत पहिला याने लिष्त इथे पिरॅमिड बांधला, त्याच्या गाभ्यात खुफूचं नाव असलेले कोरीव दगड सापडलेत. म्हणजे इ.स.पू. विसाव्या शतकाच्या सुमारास खुफूच्या परिसरातून दगड उचलले जात होते. रामसेस दुसऱ्याने लाहूनच्या सेनुस्रेत दुसऱ्याच्या पिरॅमिडाचं आवरण काढून नेलं, हे पेट्रीला तिथे खणताना दिसलं. गंमत म्हणजे याच रामसेसचा मुलगा खाएमवासेत सक्काऱ्याला जुने पिरॅमिड दुरुस्त करत फिरत होता. उनासच्या पिरॅमिडाच्या दक्षिण बाजूवर त्याचा लेख आहे, की मी या राजाचं नाव पुन्हा उभं केलं. बाप काढतोय, पोरगं लावतंय.

मग मध्ययुग. इजिप्तचा सुलतान सलाहुद्दीन याचा अधिकारी कराकुश याने गिझाचे लहान पिरॅमिड पाडून दगड कैरोच्या तटबंदीला, किल्ल्याला आणि गिझाकडच्या कमानींच्या बांधाला वापरले. त्याच काळात बगदादचा वैद्य अब्द अल-लतीफ कैरोत होता. त्याचं लिखाण मिळालं तर जरूर वाचा, कारण तो ऐकीव लिहीत नाही, उभा राहून पाहतो. खुफू आणि खाफ्रेच्या अंगावर इतकी अक्षरं होती, की उतरवून घेतली तर हजारो पानं भरतील, असं त्याने म्हटलंय. म्हणजे इ.स. १२०० च्या आसपास आवरण बऱ्यापैकी जागेवर होतं.

११९६ मध्ये सलाहुद्दीनचा मुलगा अल-अझीझ उस्मान याला कोणीतरी भरीला घातलं आणि तो मेनकाउरेचा, म्हणजे गिझाच्या तीन मोठ्यांतला सगळ्यात लहान, पिरॅमिड पाडायला निघाला. आठ महिने छावणी पडली होती. दिवसाला एखाददुसरा दगड निघायचा. वरून ढकललेला दगड वाळूत रुतायचा, मग तो वर काढण्यात पुढचा वेळ. शेवटी पैसे आणि दम दोन्ही संपले. उत्तर बाजूवर उभी भेग पाडल्यासारखी जखम राहिली, ती आजही दिसते. अब्द अल-लतीफने तिथल्या एका मुकादमाला विचारलं, हजार दिनार दिले तर यातला एक दगड परत होता तसा बसवशील का? तो म्हणाला, त्याच्या कितीतरी पट दिले तरी जमणार नाही.

खुफूचं बाकीचं आवरण त्यानंतरच्या काळात गेलं. १३०३ च्या ऑगस्टमध्ये मोठा भूकंप झाला, चिरे खिळखिळे झाले किंवा पडले, आणि कैरोत बांधकामाला ऊत आला होता. १३५६ मध्ये सुरू झालेल्या सुलतान हसनच्या मशिदीत हे चिरे गेले असं सांगतात. पांढरा, घडवून तयार असलेला दगड नदीपलीकडे आयता पडलाय, तर तुऱ्याचा बोगदा कोण खणतो? उरलेला चुनाभट्टीत गेला असणार. आपल्याकडेही गढी ओस पडली की गावातल्या घरांची जोती तिच्याच चिऱ्यांची होतात. माझ्या आजोळच्या गोठ्यात कोरलेलं कमळ होतं, त्यावर म्हैस बांधत.

अर्ध्या_तिकिटावर, मंगळवार दुपारी

बखरवाला साहेब, बाप काढतोय आणि पोरगं लावतंय हे हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आपल्या घरात उलटं आहे.

पण टोपीचं काय?

ओळंबा, मंगळवार रात्री

टोपीबद्दल माझा तर्क सांगतो, तर्कच म्हणून घ्या. चोरणारा पायथ्यापासून सुरू करतो. खालचा चिरा पहारीने ओढला की वरच्याचा टेकू जातो, तो निसटतो. असं वर वर जाता येतं, पण उंचीबरोबर दर चिऱ्यामागे कष्ट वाढतात आणि सव्वाशे मीटरवरून सोडलेला चिरा खाली पोचेपर्यंत खडी होतो. खडी कोण विकत घेणार? कुठेतरी हिशेब बसेनासा झाला आणि तिथेच काम थांबलं. खुफू सगळ्यात ईशान्येला, कैरोच्या जवळ, त्यामुळे त्याच्यावर हात आधी आणि जास्त पडला असेल. शिवाय खाफ्रे जास्त तीव्र उताराचा, ५३ अंशांच्या थोडा वर. खुफू ५२ च्या जरा आत.

खुफूच्या पायथ्याशी उत्तर बाजूला थोडे मूळ चिरे का राहिले, त्याचं उत्तर मात्र पक्कं आहे. चोरीच्याच राडारोड्याखाली ते गाडले गेले. १८३७ मध्ये हॉवर्ड व्हाइसने ढिगारा उपसला तेव्हा दिसले. चोरांनी आपल्याच कचऱ्याने झाकून ठेवलेला पुरावा.

आता मेदूमबद्दल बोलू. आवरण नुसती शोभा होती का, याचं उत्तर तिथे आहे. मेदूमचा पिरॅमिड आधी पायऱ्यांचा होता, सात मग आठ. नंतर स्नेफरूच्या, म्हणजे खुफूच्या बापाच्या काळात त्यावर बाहेरून थर चढवून सरळ उताराचा केला. चुका तीन. आधीच्या पायऱ्यांची बाहेरची तोंडं तासून गुळगुळीत केलेली होती, त्यामुळे नव्या थराला पकड नाही. जुना भाग खडकावर, नवा थर वाळूवर. आणि आतले थर कललेले, नव्याचे चिरे मात्र आडवे. परिणाम काय, तर बाहेरचं सगळं घसरून खाली ढीग आणि मधे ६५ मीटरचा मनोरा उभा. अरबीत त्याला 'खोटा पिरॅमिड' म्हणतात. ऑक्सफर्डचा भौतिकशास्त्रज्ञ कुर्ट मेंडेलसन याचं म्हणणं, की हे बांधकाम चालू असतानाच कोसळलं, आणि ती बातमी पोचल्यावर दहशूरच्या वाकड्या पिरॅमिडाचा उतार अर्ध्यावरच ५४ वरून ४३ अंशांवर आणला.

बखरवाला, बुधवार सकाळी

ओळंबा, तिन्ही चुका मान्य. पण बांधताना कोसळला, हे नाही मान्य. पूर्वेच्या पायथ्याशी एक छोटंसं मंदिर आहे. त्यात अठराव्या घराण्याच्या काळातल्या प्रवाशांनी भिंतीवर लिहिलंय. एक लेखनिक लिहितो, की स्नेफरूचं सुंदर मंदिर पाहायला आलो. म्हणजे पिरॅमिड बांधल्यावर हजाराहून जास्त वर्षांनी लोक त्या मंदिरात उभे राहत होते. पेट्रीला १८९१ मध्ये तेच मंदिर ढिगाऱ्याखालून खणून काढावं लागलं. बांधतानाच कोसळला असता तर हा लेखनिक कुठे उभा राहिला? आणि ढिगाऱ्यात मजुरांची हाडं, दोर, लाकडं मिळायला हवीत. ती नाहीत.

ओळंबा, बुधवार दुपारी

लेखनिकाने विकेट काढली. मंदिराचा मुद्दा मी धरलाच नव्हता. मग माझं म्हणणं एवढंच ठेवतो, की मेदूमचा थर मुळातच लटका होता. दगड काढून नेणाऱ्यांनी खालून पाय ओढला आणि बाकीचं वजनाने केलं.

वाकड्याचा उतार बदलला त्याला मात्र त्याची स्वतःची कारणं होतीच. जमीन मऊ, आतल्या दालनांना तडे.

मआदीकर, बुधवार रात्री

वाकड्याचं नाव निघालं म्हणून लिहिते. माझा सगळ्यात लाडका. २०१९ मध्ये आत जायला उघडला, आम्ही त्याच थंडीत गेलो. सबंध इजिप्तमध्ये आवरण सगळ्यात जास्त टिकलंय ते याचं. गिझाला जे डोळे मिटून कल्पायचं ते इथे हाताला लागतं. नवीन फरशीसारखं पांढरं नाही हं, पिवळट-तपकिरी साय धरलीय, पण जिथे अलीकडे कपचा उडालाय तिथे आत अगदी खोबऱ्यासारखं पांढरं.

कोपऱ्याला खालचे चिरे निघालेत, त्यामुळे कापलेल्या केकसारखे थर दिसतात. नीट पाहिलं तर खालच्या भागातले चिरे आडवे नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. नवऱ्याने पाण्याची बाटली ठेवून दाखवली, ती आत गडगडली. म्हणजे बाहेर ओढायचं तर चढावर ओढायचं!

आत वरच्या दालनात देवदाराचे वासे आडवे ठोकलेले आहेत, भिंती एकमेकींकडे येऊ नयेत म्हणून टेकू दिल्यासारखे. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं लाकूड. आणि तड्यांत भरलेला गिलावा. घाबरलेल्या गवंड्याची कामं असतात ना, तसं सगळं.

ओळंबा, बुधवार रात्री

घाबरलेला गवंडी खुफूच्या आतही आहे. राजाच्या दालनावरच्या नऊही ग्रॅनाइटच्या तुळया दक्षिण भिंतीजवळ तडकलेल्या आहेत. वर भार हलका करायला एकावर एक पाच पोकळ्या ठेवूनही. तडे बांधकामाच्या वेळचेच असावेत, कारण जुन्या लोकांनी त्यावर गिलावा फासलाय. आम्ही आजही तड्यावर काचपट्टी चिकटवतो, तुटली तर समजायचं तडा चालू आहे. तसंच काहीतरी असणार ते.

खडकवासी, गुरुवार रात्री

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, म्हणून मी घालते.

आवरण ही कातडी होती. तुऱ्याची चुनखडी घट्ट पोताची, तासून गुळगुळीत, सांधे बंद. गिझाला वर्षाला पंचवीसेक मिलिमीटर पाऊस, तोही वाहून खाली. कातडी गेल्यावर आतला दगड उघडा पडला, आणि तो सगळा सारखा नाही. काही थर टणक, काही मातकट. मातकट थर आधी झडतात आणि वरचा दगड बाहेर लोंबतो.

खरा शत्रू मात्र पाऊस नाही, लोणा. या चुनखडीत मुळातच मीठ आणि जिप्सम आहे. पहाटे दव पडतं, मीठ विरघळतं, ऊन चढलं की पृष्ठभागाच्या जरा आत पुन्हा त्याचे खडे बनतात. खडे फुगतात, वरचा पापुद्रा सुटतो. आपल्या तळमजल्यावरच्या भिंतीला ओल येऊन पोपडे सुटतात तोच प्रकार, फक्त रोज आणि हजारो वर्षं. स्फिंक्सवर हे सगळ्यात वाईट, कारण तो मऊ थरांतच कोरलाय. १९८८ च्या फेब्रुवारीत त्याच्या उजव्या खांद्याचा काही शे किलोंचा तुकडा पडला. त्याआधीच्या दुरुस्तीत सिमेंट वापरलं होतं. सिमेंट भिंतीला श्वास घेऊ देत नाही, मग क्षार बाजूच्या मूळ दगडातून वाट काढतात. जुन्या देवळांना सिमेंटचा गिलावा करणाऱ्यांनी हे कृपया वाचावं.

तरी खुफू-खाफ्रे कमजोर झाले का? फारसे नाहीत. ते मुळात डोंगराच्या आकाराचे आहेत, कोसळायला जागाच नाही. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये भूकंपाने कैरोत इमारती पडल्या, पाचशेच्या वर माणसं गेली. गिझाचे तिघे उभे राहिले.

कातडी गेल्यावर मेलेले पिरॅमिड पाहायचे तर बाराव्या घराण्याचे पाहा. लाहून, हवारा, दहशूरचा काळा पिरॅमिड. यांचा गाभा मातीच्या कच्च्या विटांचा. आवरण असेपर्यंत हे लांबून खुफूसारखेच चमकत असतील. आवरण नेलं आणि आतली वीट वाऱ्यापावसाला मिळाली. आज ते मातीचे उंचवटे आहेत, वारूळ म्हणावं असे. काळ्या पिरॅमिडाची तर जागाही चुकली होती, सखल, खाली पाणी. आतल्या वाटांना तडे गेले, लाकडाचे टेकू लावले, शेवटी अमेनेमहत तिसऱ्याने हवाऱ्याला दुसरा बांधला. आता हवाऱ्याच्याही आत कालव्यामुळे चढलेलं भूजल साचलंय. काही राजांचं नशीबच पाण्याचं.

सरळ_रेघ, गुरुवार रात्री

एवढं सगळं माहीत आहे तर मग आवरण परत का चढवत नाहीत? पैसा आहे, यंत्रं आहेत. एक तरी पूर्वीसारखा करून दाखवा.

मआदीकर, शुक्रवार सकाळी

सरळ_रेघ, तो प्रयोग होता होता राहिला! मेनकाउरेच्या पिरॅमिडाला खालचे सोळा थर अस्वानच्या तांबड्या ग्रॅनाइटचे होते, बरेचसे दगड सभोवती पडलेत. जानेवारी २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मुस्तफा वझीरी यांनी व्हिडिओ टाकला, की हे पुन्हा बसवणार, ही इजिप्तची जगाला भेट. इथे जो काय गदारोळ झाला! आमच्या बिल्डिंगचा दरबान म्हणजे राखणदार, तोही हसत होता. लोक म्हणाले, आता पिरॅमिडाला बाथरूमच्या फरशा लावा. मग माजी पुरातत्त्व मंत्री झाही हवास यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि फेब्रुवारीत नको म्हणाली. पडलेला कुठला दगड मुळात कुठे होता हे नक्की सांगता येत नाही, आणि बरेच दगड तर घडवून पूर्णही झालेले नव्हते.

अब्द अल-लतीफच्या त्या मुकादमाचं उत्तर अजून लागू आहे म्हणायचं.

बखरवाला, शुक्रवार सकाळी

सक्काऱ्याच्या जोसेरच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडाची दुरुस्ती मात्र झाली. २००६ ला सुरू, मार्च २०२० ला उघडला. १९९२ च्या भूकंपाने आतल्या दफन-विवराचं छत धोक्यात आलं होतं, ते हवेच्या फुगवलेल्या पिशव्यांनी तोलून धरून काम केलं. आतलं काम वाखाणण्यासारखं, बाहेर नवे दगड बसवले ते डोळ्याला खुपतात, असं माझं मत. पण नसते बसवले तर वरचे लोंबणारे थर आले असते डोक्यावर. इथे माझ्याकडे उत्तर नाही, तक्रार फक्त आहे.

सुगरण_नसलेली, शुक्रवार दुपारी

काका, तुम्ही उत्तर बाजूला गेला होतात ना? राडारोड्याखाली राहिलेले ते मूळ चिरे, त्यांचा फोटो टाका की. अर्धा मिलिमीटरची दर्ज बघायचीय.

अर्ध्या_तिकिटावर, शुक्रवार रात्री

ताई, लाज वाटते सांगायला. सगळे फोटो पुन्हा काढून पाहिले. उत्तर बाजूचे अकरा आहेत. नऊमध्ये आम्ही दोघं, मागे काय आहे ते दिसत नाही. एकात उंट.

अकराव्यात ही बुटात गेलेला खडा काढायला एका उतरत्या दगडाला हात टेकून उभी आहे. मी मोठा करून पाहिला. दगडाचं तोंड तिरपं, गुळगुळीत, शेजारच्याला लागून. तिच्या करंगळीच्या बाजूला केसाएवढी काळी रेघ खाली गेलेली दिसते. मला वाटलं मोबाईलच्या काचेवरचा ओरखडा आहे, म्हणून दोनदा पुसून पाहिली.

आत्ता अपलोड करतोय, नेट हळू आहे. ओळंबा, मआदीकर, तुम्ही बघून सांगा तीच का.